रेडिएटर बदललात, आता हवा कशी काढणार: फनेल की व्हॅक्यूम?

रेडिएटर, वॉटर पंप नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंटला वाट देणारी झडप) बदलला की नवीन कूलंट भरताना आत हवा अडकते आणि ती काढावीच लागते. तीन तऱ्हा आहेत: नुसतं झाकण उघडं ठेवून, झाकणाच्या जागी घट्ट बसणारा उंच फनेल लावून, किंवा कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या व्हॅक्यूमने. मी फोंड्याचा, साखळी-केरी करून चोर्ला घाटाने बेळगावला सारखं जाणंयेणं असतं, त्यामुळे मी घाटाचाच विचार करून सांगतो.

झाकण उघडं ठेवून भरायचं ते जुन्या, रेडिएटर उंच असलेल्या गाडीला चालून जातं. ओमनीला नाही, तिचं इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे आणि मधे लांबच्या लांब पाइप, हवा कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

मी एकदा थर्मोस्टॅट बदलून गाडी अशीच भरून घेतली आणि चोर्ल्याच्या चढाला तापमानाचा काटा वर जायला लागला, हीटर फुल गरमवर टाकला तर वारा थंडच, म्हणजे आत कूलंट फिरतच नव्हतं. गाडी बाजूला घेऊन तासभर थांबलो, गरम झाकणाला हात लावला नाही, कारण आत प्रेशर असतं आणि उकळतं कूलंट सरळ तोंडावर येतं. घरी येऊन उघडलं तर थर्मोस्टॅटच्या कडेला जी बारीक हलती पिन असते ती खालच्या बाजूला बसवलेली! ती वर, घड्याळात १२ असतात तिथे हवी, थर्मोस्टॅट बंद असताना मागे साठलेली हवा त्याच भोकातून सुटते. ही पिन आधी बघा, मग बाकीचं.

फनेलला खर्च कमी, वेळ जास्त. गाडीचं तोंड चढाकडे करून लावायची, हीटर गरमवर, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो ढिला करून बुडबुडे संपून सलग कूलंट यायला लागलं की बंद. मग इंजिन चालू ठेवून फॅन दोनदा लागू द्यायचा, मधेमधे वरचा होज हळूच दाबायचा, जाड कपडा घेऊन कारण तो तापलेला असतो. थर्मोस्टॅट उघडला की फनेलमधली पातळी झटकन खाली जाते आणि गुडगुड करत मोठा बुडबुडा येतो, तो बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

व्हॅक्यूममध्ये आधी सगळी हवा ओढून घेतात, गेजचा काटा साधारण २४-२५ इंचांवर (पाऱ्याच्या) नेऊन पाच-दहा मिनिटं तसाच ठेवतात. होज चपटे होतात, घाबरू नका. काटा पडला तर गळती आहे, आणि ती कूलंट वाया जायच्या आधीच कळते, हाच मोठा फायदा. पण काटा टिकला म्हणून निर्धास्त होऊ नका, काही गळती आत ओढताना बंद होते आणि प्रेशर आल्यावरच उघडते. शिवाय नंतर त्याच ओढीने नळीतून कूलंट आत घेताना नळीचं टोक कूलंटच्या वर आलं की परत हवा गेली, सगळं पहिल्यापासून.

स्वतःची एकच गाडी असेल तर फनेल घ्या. ओमनी असेल किंवा दोन-तीन टॅक्सी सांभाळत असाल तर व्हॅक्यूमवाल्याकडेच जा, पैसे वसूल होतात.

कुठलीही तऱ्हा निवडा, पण विहिरीचं पाणी नको, किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ असतात आणि ते क्षार अॅल्युमिनियम खातात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो म्हणून लोक कूलंट टाळतात, पण ते गंज थांबवतं आणि उकळायलाही जास्त तापावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीवर कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा, खाली गेली असेल तर खुणेपर्यंत भरा, आणि तिसऱ्या दिवशीही जात असेल तर हवा नाही, गळती शोधा.