धरणाच्या पायथ्याशी तीन रात्री: सॅन ह्वान नदीकाठचे एक मोटेल

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, कोलोरॅडोच्या सीमेजवळ असलेल्या नॅव्हाहो धरणाखाली, सॅन ह्वान नदीच्या काठावरच्या एका मोटेलमध्ये जानेवारीच्या अखेरीस आम्ही दोघे मित्र तीन रात्री राहिलो. ऐन थंडीत मासे धरायला निघालो म्हटल्यावर घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पण ही नदी थंड पाण्यातल्या ट्राउट माशांसाठी बारमाही झाली आहे ती धरणामुळेच. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या, ४०२ फूट उंचीच्या या मातीच्या धरणातून पाणी जलाशयाच्या खोल थरातून सोडले जाते, त्यामुळे धरणाखालच्या पहिल्या काही मैलांत ते उन्हाळ्यात तापत नाही आणि हिवाळ्यात गोठत नाही. पहाटे बाहेरचा पारा शून्याच्या बराच खाली असतानाही नदीवरून वाफा निघत असतात, आणि ऊन वर आले की त्याच पाण्यातून चिलटे उडू लागतात. इथले रेनबो आणि ब्राउन ट्राउट वर्षभर मुख्यतः या चिलटांवर आणि त्यांच्या अळ्यांवर पोसतात. साहजिकच गळावर बांधायच्या कृत्रिम माश्याही तेवढ्याच बारीक, अर्ध्या तांदळाएवढ्या लागतात, आणि चाळिशी लागलेल्या माणसाची खरी परीक्षा मासा पकडण्यात नसून थंडीने बधिर झालेल्या बोटांनी त्या माशीच्या नेढ्यातून दोरा ओवण्यात असते.

अशा ठिकाणच्या मोटेलचे मोजमाप गादीच्या मऊपणावरून करू नये, दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून आलेल्या माणसाची ते कशी सोय लावते यावरून करावे, असे माझे मत आहे. त्या बाबतीत हे मोटेल बरेच विचारपूर्वक बांधले आहे. गाडी थेट खोलीच्या दारासमोर लागते, खोलीत गालिच्याऐवजी साधी फरशी आहे, आणि मागच्या बाजूला ओले वेडर (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक विजारी) व बूट वाळवण्यासाठी गरम हवेची एक स्वतंत्र खोली आहे. पहिल्या संध्याकाळी माझ्या बुटांच्या नाड्या गोठून तारेसारख्या ताठ झाल्या होत्या आणि गाठ सुटेना, तेव्हा त्या खोलीतल्या बाकावर पाच मिनिटे पाय पसरून बसल्यावरच मी बुटांतून मोकळा झालो. खोलीतले टेबल खिडकीपाशी असून त्यावर चांगला प्रखर दिवा आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या माश्या रात्री निवांत बांधता आल्या. न्याहारी नऊपर्यंत मिळते, हेही योग्यच, कारण हिवाळ्यात दहाच्या आधी नदीवर जाऊन रॉडच्या कड्यांत साचणारा बर्फ खरवडत बसण्याखेरीज फारसे काही साधत नाही.

उणिवा मात्र आहेत, आणि त्यातली एक मला गंभीर वाटते. कार्यालयात एका फळ्यावर धरणाचा त्या दिवसाचा विसर्ग लिहिलेला असतो. पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडले याच्या बातम्या ऐकत सांगलीत वाढलेल्या माणसाची नजर तिथे आधी जाते. आम्ही पोहोचलो त्या दिवशी फळ्यावर ३५० क्युसेकचा आकडा होता, आणि निघालो त्या दिवशीही तोच होता. मधल्या काळात विसर्ग वाढल्याचे आम्हाला कळले ते काल घोट्यापर्यंत पाणी असलेल्या जागी आज ते गुडघ्याच्या वर आले तेव्हा. वसंतात, नदीच्या खालच्या भागातील दुर्मीळ स्थानिक माशांसाठी हा विसर्ग काही वर्षी ५,००० क्युसेकपर्यंत नेला जातो आणि तेव्हा पाण्यात उतरून मासेमारी करणे जवळजवळ अशक्य होते. अशा नदीवर जुना आकडा लिहिण्यापेक्षा फळा कोरा ठेवलेला बरा. चौकशी केल्यावर मिळालेले उत्तर, ‘ऑनलाइन बघा’, हे खोलीतले वायफाय रात्री आठनंतर मान टाकते हे ठाऊक असणाऱ्याने देऊ नये.

दुसरी तक्रार गरम पाण्याची: सगळे पाहुणे पाचच्या सुमारास कुडकुडत परततात आणि साडेपाचला नळाला कोमट पाणी येते. स्वयंपाकाचा ओटा छोटा पण पुरेसा आहे. मोहरी तडतडताच धुराचा भोंगा वाजला, यात दोष आमच्या फोडणीचा. जेवणासाठी आसपास फारसे काही नसल्याने शिधा अ‍ॅझ्टेक किंवा फार्मिंग्टन या गावांतूनच आणावा.

धरणापासून सुमारे पावणेचार मैलांपर्यंत पकडलेला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो आणि गळाला उलटा काटा चालत नाही. हे नियम खोलीच्या दारामागे स्पष्ट लावले आहेत. बुटांनी तळ ढवळून अळ्या मोकळ्या करायच्या आणि मागे जमणारे मासे धरायचे, या इथल्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बदमाशीला बंदी आहे, हेही त्यात ठळकपणे लिहिले आहे. (नुसते चालत असतानाही मासे मागे येतात, त्याला इलाज नाही.)

रात्रीचे ११० डॉलर अधिक कर हा दर हिवाळ्यातल्या आडवारी मला वाजवी वाटला. आरक्षण रद्द केल्यास पैसे परत मिळत नसल्याने वसंतातल्या तारखा मात्र विसर्गाचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय ठरवू नयेत. खोली मागच्या रांगेतली मागावी. तिथून वाळवणीची खोली वीस पावलांवर आहे, आणि रात्री हीटर बंद झाला की नदी ऐकू येते.