यूपीआय: परत आल्यावर हाती आलेली पहिली चांगली गोष्ट

आठ वर्षं जर्मनीत काढून गेल्या जूनमध्ये मी कायमची परत आले. पहिल्याच महिन्यात एका दाखल्यासाठी सरकारी कचेरीत पाच खेपा झाल्या. कधी साहेब रजेवर, कधी सर्व्हर बंद. भर पावसात रात्री लाईट जायची ती वेगळीच. अगदी रडकुंडीला आले होते.

त्याच दिवसांत यूपीआय, म्हणजे फोनवरून थेट बँक खात्यातून पैसे देण्याची सोय, वापरायला लागले. २०१६ साली सुरू झालेलं यूपीआय सगळीकडे रुळलं तेव्हा मी इथे नव्हते, म्हणून मला त्याचं अप्रूप जास्त. तिकडे कितीतरी दुकानांत रोखच लागायची. इथे रविवारी मध्यरात्रीही पैसे काही सेकंदांत पोचतात, तेही खात्यातून खात्यात, शुल्क न देता. समोरच्याची बँक आणि ॲप कुठलंही असो, अडत नाही.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे कोथिंबिरीच्या दहा रुपयांनाही कोड स्कॅन करते आणि त्यांचा स्पीकर मराठीत रक्कम सांगतो. मला ते ऐकायला फार आवडतं. एकदा माझ्या बँकेच्या गोंधळामुळे पैसे खात्यातून गेले, पण त्यांना मिळाले नाहीत. "जा गं, उद्या दे," म्हणाल्या. नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही. पैसे दुसऱ्या दिवशी परत आले, पण त्या क्षणी मी तिथेच उभी राहून डोळे पुसत होते.

नवीन असाल तर एक लक्षात ठेवा: पैसे घेताना पिन लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवून द्या.