२००३ सालची पॅलिओ १.६ जीटीएक्स: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

२०२४ च्या दिवाळीनंतर मी २००३ सालची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स १ लाख ४० हजार रुपयांना विकत घेतली. परतवाड्याजवळच्या आमच्या खेड्यात संत्र्याच्या बागेची, बाजार समितीची आणि दवाखान्याची सगळी कामे दुसऱ्या गाडीवर होतात. ही गाडी फक्त रविवारी बाहेर निघते आणि ती केवळ चालवण्याच्या आनंदासाठी निघते. आतापर्यंत ती माझ्या हाती सुमारे ६,००० किलोमीटर चालली आहे आणि खरेदीच्या किमतीच्या वर तिच्या दुरुस्तीवर माझे ९२ हजार रुपये खर्च झाले आहेत. एवढे होऊनही ही खरेदी मला योग्यच वाटते.

दोन आसनांच्या खऱ्या स्पोर्ट्स कार आपल्या देशात फारशा तयारच झाल्या नाहीत. गोव्यात तयार झालेली, फायबरच्या अंगाची सॅन स्टॉर्म दिसायला देखणी होती, परंतु तिचे इंजिन जेमतेम ६० अश्वशक्तीचे होते आणि आता ती शोधूनही सापडत नाही. जुन्या होंडा सिटी व्हीटेकचे १०६ अश्वशक्तीचे इंजिन मला फार आवडते, पण आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या पांदणीतून इतकी ठेंगणी गाडी नेण्याचे धाडस मला झाले नाही. पॅलिओचे १५९६ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे इंजिन १०० अश्वशक्ती देते, आणि त्या काळी सचिन तेंडुलकर या गाडीच्या जाहिरातीत होता, त्यामुळे माझ्या वयाच्या अनेकांच्या मनात ती तेव्हापासूनच बसलेली आहे.

खरेदी करताना पहिली खबरदारी नोंदणीपुस्तक वाचण्याची घ्यावी. मला दाखवलेल्या पहिल्या गाडीच्या मागे ‘१.६ जीटीएक्स’ अशी अक्षरे होती, पण पुस्तकात इंजिनाची क्षमता १२४२ सीसी लिहिलेली होती. म्हणजे मूळ गाडी १.२ लिटरची असून अक्षरे नंतर चिकटवलेली होती. त्या विक्रेत्याने ही गोष्ट आपणहून सांगितली नाही, आणि मी केवळ अक्षरांवर विश्वास ठेवला असता तर ज्या इंजिनासाठी एवढा खटाटोप केला तेच मला मिळाले नसते. टायरची नक्षी चांगली असली तरी त्याच्या कडेवरचे चार अंक अवश्य पाहावेत, कारण पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. मी घेतलेल्या गाडीच्या टायरवर ‘२३१५’ होते, म्हणजे ते २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातले होते, आणि रबर कडक होऊन त्यांवर बारीक भेगा पडलेल्या होत्या.

गाडी घरी आणल्यावर परतवाड्याच्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी अर्धा तास खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, इंजिनात दम हाये, पण रबर सारं गेलं हाये.” वीस वर्षांच्या कोणत्याही गाडीबद्दल याहून नेमके निदान मी ऐकलेले नाही. पुढच्या चाकांचे बुश, इंजिनाचे माउंटिंग, रेडिएटरचे पाइप, ब्रेकचे सील आणि पेट्रोलच्या नळ्या एकामागून एक बदलाव्या लागल्या. पेट्रोलच्या नळ्यांबाबत मी विशेष आग्रह धरला, कारण पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्या काळच्या गाड्यांचे रबर अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद मागच्या मालकाकडे नव्हती, म्हणून तो वॉटर पंपासह लगेच बदलून घेतला. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून संपूर्ण इंजिन उघडावे लागू शकते, त्यामुळे या एका कामात काटकसर करू नये. फियाटने आपल्या देशातील गाड्यांची विक्री २०१९ मध्ये थांबवली. त्यामुळे बरेच सुटे भाग नागपूरच्या जुन्या दुकानांतून किंवा भंगारात निघालेल्या गाड्यांमधून मिळवावे लागतात, आणि एका साध्या दाराच्या रबरासाठी मला दोन महिने थांबावे लागले.

या सगळ्याचे मोल मला चिखलदऱ्याच्या घाटात मिळते. पहाटे परतवाड्याहून निघून धामणगाव गढीमार्गे घाट चढू लागलो की पहिल्या दोन-तीन वळणांतच गाडीचा स्वभाव कळतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर इंजिनाचा आवाज घट्ट होतो, तिसऱ्या गिअरमध्ये चढण मागे पडत जाते, आणि स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा हाताला जसाच्या तसा कळतो, जो आमच्या नव्या गाडीत मुळीच कळत नाही. वळणात गाडी थोडी झुकते, पण सांगितलेली वाट सोडत नाही. १,११८ मीटर उंचीवर पोहोचून काच खाली केली की थंड हवा आत येते आणि तापलेल्या इंजिनाचा वास येतो. तो वास मला मनापासून आवडतो. हा आनंद वेगाचा नाही, कारण घाटात मी ५० च्या वर क्वचितच जातो. मेळघाटचे जंगल लागून आहे आणि कोणत्या वळणावर गुरे किंवा रानडुक्कर आडवे येईल याचा नेम नसतो. समृद्धी महामार्गावर मी तिला एकदाच नेले. तिथे ती १०० च्या वेगाने शांत धावली, पण सरळ रस्त्यावर ही गाडी चालवण्यात मला काही विशेष वाटले नाही. घाटात ती लिटरला ९ आणि सपाटीवर १२ किलोमीटर देते.

आपल्याकडचा उन्हाळा हीच अशा गाडीची खरी परीक्षा असते. पारा ४५ अंशांपर्यंत गेला की दुपारी एसी लावून चढण चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागतो. म्हणून एप्रिल आणि मे महिन्यांत मी तिला सकाळी नऊच्या आत घरी परत आणतो. सोयाबीन घरात आले की उंदीर येतात, आणि गेल्या हंगामात त्यांनी इंजिनाजवळची वायर कुरतडली. तेव्हापासून गाडी गोदामापासून दूर, पत्र्याच्या वेगळ्या शेडमध्ये उभी असते. पावसाळ्यात पांदणीतल्या काळ्या मातीच्या चिखलात तिला काढता येत नाही, तरीही दर आठवड्याला अर्धा तास इंजिन सुरू ठेवून अंगणातच पुढे-मागे करतो, म्हणजे बॅटरी उतरत नाही आणि ब्रेक गंजून धरत नाहीत.

कागदपत्रांविषयी थोडेच सांगतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. माझ्या गाडीची मुदत २०२८ पर्यंत आहे. मात्र ऑगस्ट २०२५ मधील बदलानुसार वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये झाले आहे, हे सौदा करतानाच हिशेबात धरावे. मालकाचे नाव बदलण्याचे २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने सही करून हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

ज्यांच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, खरेदीच्या निम्म्याहून अधिक रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता येते आणि जवळपास एक प्रामाणिक मिस्त्री आहे, त्यांना मी पॅलिओ १.६ मनापासून सुचवीन. यांपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर घेऊ नये. माझ्या गाडीचे मागचे शॉकअप आता बदलायला आले आहेत. नागपूरला सांगून ठेवले आहे, आणि ते आले की मृगाच्या आधी घाटाच्या आणखी दोन-तीन फेऱ्या होतील.