कोहळ्याचं बी गुलाबी होतं, तरी मी पैसे दिले

देशी बी विकायला आलेल्या माणसाने मला फसवलं, माझे १२,५०० रुपये गेले. त्या पैशाचं दुःख आहेच, पण माझ्या शब्दावर बचत गटातल्या आणखी चौघींनी तेवढेच भरले, ते जास्त सलतं. पाच जणींचे मिळून ६२,५००. वर्धा नदीच्या काठचं आमचं गाव, कपाशी-तुरीचं. इथं घरात एवढा पैसा कसा जमतो ते वेगळं सांगायला नको.

'बी घ्या, पिकवा, माल आम्हीच परत घेऊ' हा प्रकार काही नवा नाही. औषधी म्हणून सफेद मुसळी झाली, कोरफड झाली, इमू पक्षी झाले, कडकनाथ कोंबड्या झाल्या. मलाही ते माहीत होतं. तो माणूस मुसळी घेऊन आला असता तर मी त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं असतं. पण तो आमच्या कोहळ्याचं नाव घेत आला, आणि तिथंच मी फसले.

कोहळं म्हणजे इकडे लाल भोपळा, पेठ्याचं पांढरं कोहळं नव्हे. सासूबाईंनी एकच वाण आयुष्यभर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जपलं. चपटं, खोल फाकांचं, पिकलं की खाकी पडतं आणि सालीवर राखेसारखी भुकटी धरतं. माळ्यावर ठेवलं तर होळीपर्यंत टिकतं, आणि बोंडं तळायला त्याच्यासारखं दुसरं नाही. बियाचं फळ सासूबाई देठावरून निवडतात. देठ लाकडासारखा झाला पाहिजे आणि सालीत नख रुतता कामा नये. मग महिनाभर ठेवून कापायचं, बी पाण्यात चोळायचं, तरंगेल ते पोचट म्हणून फेकायचं आणि उरलेलं सुपात सावलीला वाळवायचं. एक बी घेऊन मोडून बघायचं. वाकलं तर अजून ओलं आहे, कट्कन तुटलं तर झालं. मग राख लावून फडक्यात बांधायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात तो आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, 'देशी बियाणं संवर्धन प्रकल्प' छापलेली फाइल. सासूबाईंच्या पाया पडला. बियाच्या गाठोड्याचे फोटो काढले. मोबाइलवर देशी बियाणं जपणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरेंचा फोटो दाखवून म्हणाला, "ताई, अशीच तुमचीही ओळख होईल." राहीबाईंचा या प्रकाराशी काडीचा संबंध नाही, पण चोराला चांगल्या माणसाचं नाव लागतंच. मग त्याने भीती घातली. आता नवीन कायदा आलाय, घरचं बी नोंदवलं नाही तर ठेवताही येणार नाही आणि विकताही येणार नाही. नोंदणीचे २,५०० आणि तीन देशी वाणांच्या अर्धा किलो बियाचे १०,०००. अर्ध्या एकरात ६० किलो बी निघेल, ते प्रकल्प १,५०० रुपये किलोने घेणार, म्हणजे ९०,०००. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार केला. मूळ कागद त्याच्याकडे, झेरॉक्स आमच्याकडे. करारात अट होती की फळ बाजारात विकायचं नाही, 'वाण बाहेर जातं' म्हणून.

खरं तर २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. आणि शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवायला फी लागतच नाही. शून्य रुपये. हे मला सहा महिन्यांनी कळलं.

आता ती गोष्ट सांगते जी आठवली की अजून झोप उडते. पुड्या मी ओसरीवर फोडल्या. बी गुलाबी होतं. बोटाला रंग लागला, पाण्याने धुतला तरी नखात राहिला. सासूबाईंनी एक बी उचलून उन्हात धरलं आणि म्हणाल्या, "ह्या बियाले रंग काहून लावला व? देशी बी कधी अशी नटून येते काय?" तो शेजारीच चहा पीत होता. म्हणाला, "आजी, बीजप्रक्रिया केली आहे, औषध आहे ते." आणि मी मान डोलावली! सोयाबीन पेरताना कृषी सहायक दर वर्षी बीजप्रक्रिया करा म्हणून सांगतात, आम्ही स्वतः थायरम हे बुरशीनाशक चोळतो, मग मला ते खरं वाटलं यात माझं काय चुकलं? पण चुकलंच. गाठोड्यातल्या बियाला राख असते. असा एकसारखा रंग कारखान्यातल्या बियाला असतो. पुडीवर लेबल नव्हतं. लॉट नंबर नाही, उगवणीची टक्केवारी नाही, तपासणीची तारीख नाही. तेही मी पाहिलं होतं.

वर तिन्ही वाणं एकाच वावरात लावा म्हणाला. भोपळ्याचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि सकाळच्या दोन-तीन तासांत मधमाशी सगळा कारभार उरकते. बीजोत्पादनात दोन वाणांत किमान ५०० मीटर अंतर ठेवतात. सासूबाईंना मीटर माहीत नव्हते, पण धुऱ्यावर दुसरं कोहळं त्यांनी कधी लावू दिलं नाही. मला हे माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण तो शिकलेला होता, त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि चौघींना बोलावून मी आधीच बसवलं होतं. त्यांच्यासमोर मागे कसं फिरायचं?

जाताना 'नमुना' म्हणून सासूबाईंचं अख्खं गाठोडं घेऊन गेला, चारशे-साडेचारशे ग्रॅम. रुपयांत त्याची किंमत मी कुठल्याच तक्रारीत लिहू शकले नाही.

पीक जोरदार आलं. सगळी फळं एकाच साच्यातून काढल्यासारखी, ४१ क्विंटल. व्यापारी ९ रुपये किलोने मागत होता, करारामुळे दिलं नाही. सगळी फोडली आणि ५२ किलो बी वाळवलं. गर गुरांनी खाल्ला तेवढा खाल्ला, बाकी उकिरड्यावर. मग फोन आला की तपासणी फी २,३६० भरा. तीही मी यूपीआयने भरली. त्यानंतर त्याचा नंबर बंद तो बंदच. १२,५००, २,३६०, खत-फवारणी-मजुरीचे १४,२०० आणि न विकलेल्या मालाचे ३६,९००. एकूण ६५,९६०.

फेब्रुवारीत ते बी थोडं पेरून पाहिलं. एका वेलाला लांबुडकं, दुसऱ्याला चपटं, तिसऱ्याचा गर फिक्कट. म्हणजे देशी म्हणून दिलेलं बी संकरित होतं; ते पहिल्यांदा एकसारखं येतं आणि पुढच्या पेरणीत असं फुटतं. आणि त्या हंगामात धुऱ्यावर आधीचं जे आमचं कोहळं होतं, त्याचंही बी बाटलं. फळ आपल्याच रूपाचं येतं म्हणून तेव्हा कळत नाही, पुढच्या पेरणीत कळतं.

तक्रारीसाठी अकरा चकरा मारल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जमलं तरी. कृषी कार्यालयात पहिला प्रश्न, "पावती आणि लेबल आहे का?" नाही म्हटलं तर म्हणे, "मग आमच्या कायद्यात बसत नाही." अहो, लेबल नाही हीच तर तक्रार आहे! बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा आहे, परवान्याशिवाय बियाचा धंदाच करता येत नाही, मग बिनपरवान्याचा विक्रेता तुमच्या कायद्यात बसत नाही तर कोण बसतं? तालुक्याच्या तक्रार निवारण समितीसाठी अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर, साहेब ट्रेनिंगला, साहेब बदलले. पोलीस ठाण्यात म्हणाले, करार झालाय म्हणजे दिवाणी मामला, कोर्टात जा. एक जण तर हसून म्हणाला, "बाई, भोपळ्याच्या बियाले दहा हजार देत असतात काय?" फसलेल्या माणसाला सगळ्यांत आधी मूर्ख ठरवायचं, मग अर्ज घ्यायचा की नाही ते बघायचं. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच पाठवले. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर पाच महिने उलटून गेलेले. हा नंबर पैसे गेले त्याच तासात लावायचा असतो, तेव्हा खात्यातला पैसा अडवता येतो. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं सांगते.

शेवटी ग्राहक आयोगात गेले. बी विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलं आहे, आणि मालासाठी ५ लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर दाव्याला फी नाही. पण नोटीस 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आली. म्हणून म्हणते, करार करण्याआधी त्या पत्त्यावर एक माणूस पाठवा. मूळ कागद आपल्याकडे ठेवा. रिकामी पुडी आणि मूठभर बी फेकू नका, तपासणीला तेच लागतं. मी पुड्या चुलीत घातल्या होत्या. आणि घरचं बी 'नमुना' म्हणून कोणी मागितलं तर पाच दाणे द्या, गाठोडं नाही. दोन नातेवाइकांच्या घरी थोडं थोडं ठेवा. आम्हाला नणंदेच्या गावाहून २३ दाणे मिळाले, ते पूर्वी सासूबाईंनीच तिला दिले होते म्हणून. आता मधमाशी आत शिरू नये म्हणून संध्याकाळी उमलायच्या बेतातल्या कळ्या मी दोऱ्याने बांधते, सकाळी नर फूल मादीवर फिरवते आणि पुन्हा बांधून टाकते.

गटात मी अजून बसते, पण हिशेबाची वही दुसरीकडे दिली आहे. चौघींपैकी दोघींचे २५,००० परत केले. उरलेले २५,००० येत्या कपाशीवर देणार. त्या नको म्हणतात, पण मी तारीख वहीत लिहून दिली आहे.