ब्लूम की सोलो? युनिट टेस्ट काढण्याआधी

कुणी कुठला विषय शिकवायचा याचं, म्हणजे लोडचं, वाटप झालं की त्या विषयाची कोर्स फाइल समोर येते. कोर्स आउटकम (विषय शिकून काय यायला हवं), त्यांचं प्रोग्राम आउटकमशी (पूर्ण पदवीतून काय यायला हवं) १-२-३ चं, म्हणजे कमी-मध्यम-जास्त असं मॅपिंग, प्रत्येक प्रश्नापुढे ब्लूमची (शिकण्याच्या टप्प्यांच्या उतरंडीतली) पातळी, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मुद्दा पुढचा आहे. आपण जे उद्दिष्ट म्हणून लिहिलं तेच वर्गात घडतंय का आणि तेच तपासलं जातंय का, हे बघायला पट्टी कुठली घ्यावी: ब्लूमची, की शिक्षणतज्ज्ञ बिग्ज आणि कॉलिस यांची, उत्तराची बांधणी मापणारी सोलो? मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एस.ई.ला (दुसऱ्या वर्षाला) डेटा स्ट्रक्चर, म्हणजे संगणकात माहिती साठवायच्या रचना, शिकवतो. दोन्ही वापरून झाल्या आहेत.

ब्लूमची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. ही उतरंड १९५६ साली आली ती मुळात परीक्षकांच्या गरजेतून. विद्यापीठांना एकमेकांचे प्रश्न वापरता यावेत म्हणून प्रश्नांची वर्गवारी हवी होती. आपण फाइलीत भरतो ते ‘रिमेंबर’ ते ‘क्रिएट’ हे सहा टप्पे २००१ च्या सुधारित आवृत्तीतले. २०१४ मध्ये एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मार्फत भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे देशोदेशींच्या इंजिनिअरिंग पदव्या परस्परांना मान्य करणाऱ्या कराराचा, कायम सदस्य झाला आणि आउटकमची भाषा कॉलेजाकॉलेजांत रुजली. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०१८ च्या परीक्षा सुधारणा धोरणानेही ब्लूमच पुढे केला. म्हणजे ब्लूम घेतलात तर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. कालच रुजू झालेल्या सहकाऱ्यालाही तो येतो आणि मान्यतेसाठी तपासणीला येणाऱ्या कमिटीलाही तोच हवा असतो. शिवाय पेपर काढताना सगळे गुण पाठांतरालाच चाललेत का, हे पटकन दिसतं. हा फायदा लहान नाही.

माझं घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. ‘ॲरे आणि लिंक्ड लिस्ट यांची तुलना करा, ६ गुण.’ (ॲरेत घटक सलग जागेत असतात, लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता धरून असतो.) हा प्रश्न आपण सगळ्यांनी कधी ना कधी काढलेला आहे. ‘कम्पेअर’ आहे म्हणून फाइलीत त्याच्यापुढे चौथी पातळी, म्हणजे विश्लेषण. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या गाइडांत मात्र याचं उत्तर तयार तक्त्याच्या रूपात छापलेलं असतं. पोरं तो तक्ता पाठ करतात, उतरवतात, आपण सहापैकी सहा देतो आणि अटेनमेंटच्या (उद्दिष्ट किती साध्य झालं त्याच्या) शीटमध्ये वर्गाने विश्लेषण साध्य केल्याची नोंद होते. मग तोच मुलगा ओरलला समोर बसतो.

“यादीत मधेच एक नोंद घालायची आहे. काय वापरशील?”
“लिंक्ड लिस्ट, सर.”
“का?”
“सर, ती डायनॅमिक असते.”

पुढे काही नाही. उद्दिष्ट, प्रश्न आणि गुण, तिन्ही कागदावर एका ओळीत. समजलेलं काहीच नाही. यात ब्लूमचा दोष किती आणि आपण तो वापरतो त्या पद्धतीचा किती, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते दुसऱ्याचा जास्त. पण ब्लूम हाती असताना आमच्या मीटिंगा ‘एक्स्प्लेन’ दुसऱ्या पातळीत धरायचं की वरच्या, यावरच संपत. मुलांनी काय लिहिलंय, हा विषयच निघत नसे.

सोलो १९८२ ची. ती प्रश्नाकडे कमी आणि लिहून आलेल्या उत्तराच्या बांधणीकडे जास्त बघते. काहीच हाती लागलेलं नाही, एक मुद्दा, अनेक सुटे मुद्दे, मुद्द्यांची सांगड, आणि ती सांगड दुसरीकडे नेणं, अशा पाच पायऱ्या. वरचा तक्ता इथे तिसऱ्या पायरीवर थांबतो, मग त्यात सहा ओळी असोत की दहा. “ॲरेत घटक सलग जागेत असतात, म्हणून कुठल्याही घटकाचा पत्ता थेट काढता येतो, पण त्या सलगपणामुळेच मधे काही घालायचं तर पुढचे सगळे सरकवावे लागतात,” असं कुणी लिहिलं की ती चौथी. एकाच कारणातून फायदाही निघतो आणि तोटाही, हे त्याला दिसलंय. हाच सलगपणा प्रोसेसरच्या कॅशला (जवळच्या झटपट मेमरीला) सोयीचा पडतो, म्हणून नुसतं वाचत जायचं असेल तर ॲरे बहुधा पुढे राहतो, इथपर्यंत पोचणारा वर्गात एखादाच, पण असतो.

पट्टी बदलल्यावर शिकवणंही बदलावं लागलं, आणि माझ्यासाठी खरं पारडं तिथे झुकलं. ब्लूममुळे माझे पेपर सुधारले होते, लेक्चर होतं तसंच राहिलं होतं. चौथ्या पायरीचं उत्तर हवं असेल तर ती सांगड मुलांना आधी कुठेतरी स्वतः घालायला मिळाली पाहिजे. म्हणून प्रॅक्टिकलला आता पीएमपीच्या एका मार्गाचे थांबे देतो, स्वारगेट ते कात्रज. एकाच बॅचने ते ॲरेत आणि लिंक्ड लिस्टमध्ये, दोन्हींत भरायचे. मधे एक नवा थांबा घाला आणि किती नोंदी हलल्या ते मोजा. मग दहावा थांबा कुठला ते विचारा आणि तिथवर पोचायला किती पावलं लागली ते मोजा. जर्नलमध्ये राइट-अप उतरवून काढण्याऐवजी हे आकडे आणि त्यांचं कारण लिहायचं. ओरलला मीही तेच विचारतो. उद्दिष्ट, काम आणि परीक्षा यांचा असा मेळ घालण्याची पद्धत बिग्जनेच १९९६ मध्ये मांडली होती. तोही उद्दिष्टं क्रियापदांतच लिहायला सांगतो, पण त्याची अट अशी की ते क्रियापद विद्यार्थ्याने प्रत्यक्ष करून दाखवायचं.

सोलोची डोकेदुखी नाही असं नाही. तपासायला वेळ लागतो. पूर्ण वर्गाचे पेपर असतील तर जास्तच. तिसरी पायरी कुठे संपते आणि चौथी कुठे सुरू होते, यावर दोन तपासनिसांचं एकमत होतंच असं नाही. “सर, सहाही मुद्दे लिहिलेत, मग चारच गुण का?” हा प्रश्न येणारच, तेव्हा नमुना उत्तरं आधीच दाखवून ठेवलेली बरी. प्रोग्राम लिहिण्याच्या कौशल्याला ती तितकीशी लागू पडत नाही, असा माझा अनुभव. तिथे साधी चेकलिस्ट पुरते.

आणि विद्यापीठाचा पेपर आपल्या हातात नाही. तिथे मॉडेल आन्सरमध्ये मुद्द्यागणिक गुण असतात. सुंदर सांगड घातलेला परिच्छेद घाईत तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटूही शकतो. म्हणून मी मुलांना सांगतो, तक्ता काढाच, आणि त्याखाली ‘कारण’ने सुरू होणारी दोन वाक्यं लिहा.

तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर सोलोला बराच वाव आहे. विद्यापीठाशी संलग्न असेल आणि कमिटीची व्हिजिट तोंडावर असेल, तर फाइल ब्लूममध्येच राहू द्या, उगाच मोडू नका. पण युनिट टेस्ट, टर्म वर्क आणि ओरल बऱ्याच अंशी आपल्या ताब्यात असतात. तिथे मी तरी सोलोच घेईन. पुढच्या युनिट टेस्टचा एकच प्रश्न घ्या, त्याची तिसऱ्या आणि चौथ्या पायरीची उत्तरं स्वतः लिहून बघा. दोन्हींत फरकच दाखवता येत नसेल, तर प्रश्न बदला.

फाइलीत ब्लूमचा रकाना भरलेला असला की त्याच्या शेजारी सोलोचा आणखी एक रकाना कशाला, हे अजून तरी मला कुणी विचारलेलं नाही.