लोह पळवायच्या दोन तऱ्हा: क्लेब्सिएला आणि मेनिंगोकॉकस
रक्तात मोकळं लोह जवळजवळ नसतंच. ट्रान्सफेरिन हे रक्तातलं प्रथिन ते घट्ट धरून बसतं. क्लेब्सिएला हा जीवाणू मग एंटरोबॅक्टिनसारखे सिडेरोफोर, म्हणजे लोह पकडणारे छोटे रेणू, बाहेर सोडतो आणि लोह पकडलेले सिडेरोफोर परत आत ओढतो. परळच्या आमच्या लॅबमध्ये निळ्या सीएएस अगारवर (सिडेरोफोर ओळखायचं माध्यम) वसाहतीभोवती नारिंगी कडं उमटतं, ते यामुळेच. मेनिंगोकॉकस हा दुसरा जीवाणू असली उधळपट्टी करत नाही, थेट ट्रान्सफेरिनलाच धरून लोह काढून घेतो. मात्र ही पकड माणसाच्याच ट्रान्सफेरिनवर नीट बसते. उंदरांवर प्रयोग करणाऱ्यांची पंचाईत!

एंटरोबॅक्टिनला शरीराचं लिपोकॅलिन-२ हे प्रथिन वाटेतच अडवतं. त्यावर क्लेब्सिएलाचे काही वाण एंटरोबॅक्टिनला साखर जोडून निसटतात. मला हीच तऱ्हा जास्त हुशार वाटते, तरी सेफिडेरोकोल हे प्रतिजैविक सिडेरोफोरचं सोंग घेऊन त्याच दारातून आत शिरतं.