जिन्याखालची पेटी

फोंड्यात आमचं अठरा खोल्यांचं लॉज आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवळं जवळ, त्यामुळे उतरणारे बहुतेक कुळावी. मुंबई, पुणे, कारवार, बेळगावहून कुलदेवाला येणारी माणसं. ही मंडळी ॲपवर खोली शोधत नाहीत. घरातल्या जुन्या वहीतला नंबर लावतात आणि म्हणतात, "सोमवारच्या पालखीला येतोय, दोन खोल्या ठेवा." तो नंबर बाबांनी घेतला तेव्हा मुंबईला ट्रंक कॉल लावून तास-दोन तास बसावं लागायचं. पुढे एसटीडी आली, तरी बाबा लांबचे फोन रात्री उशिराच करायचे, कारण तेव्हा पाव दर असायचा. "लांबचा फोन म्हणजे पैसा" हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि ते जुनं झालंय हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते थेट एका भामट्यानं, तेही उलटं करून.

मार्च २०२४. मंगेशीची जत्रा नुकतीच आटोपली होती, लॉज रिकामं होतं. पणजीहून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, कार्डावर एका मोठ्या कंपनीचं चिन्ह आणि त्याखाली बारीक अक्षरात 'चॅनल पार्टनर'. चहा घेतला, मग टेलिफोनची बिलं मागितली. आमच्या तीन लाइनी होत्या, हंटिंगमध्ये. म्हणजे बाहेर नंबर एकच, पण पहिली लाइन बिझी असेल तर फोन आपोआप दुसरीवर वाजतो. त्यानं तिन्ही भाड्यांची बेरीज करून कागदावर गोल केला. "पात्रांव, ह्या तिन्हीच्या जागी एक सिप लाइन घ्या, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन. एका वेळी दहा कॉल. देशभर एसटीडी फुकट, परदेशात मिनिटाला चाळीस पैसे. नंबर तुमचाच राहणार, पोर्ट करून देतो."

जाता जाता पुढे टाकलं, "लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो ना? तांब्याच्या तारा बंद होणार, त्याची ती तयारी."

ह्यातलं एकेक आज तपासून बघतो तेव्हा लाज वाटते. शून्य १५ जानेवारी २०२१ पासून लावावा लागतो हे खरं, पण तो मोबाइलसाठी नव्या नंबरांना जागा व्हावी म्हणून. फुकट एसटीडीची गंमत तर अशी की अंतराप्रमाणे दर ही भानगड केव्हाच मोडीत निघाली आहे. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलनं 'वन इंडिया' आणली तेव्हाच देशात कुठेही मिनिटाला १ रुपया झाला होता. आता तर बहुतेक प्लॅनमध्ये देशभरचे कॉल भाड्यातच येतात. आमच्या बिलावरही कॉलच्या रकान्यात शून्यच होतं. तो रकाना मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. जे आधीच फुकट होतं ते मी विकत घेतलं.

आणि पोर्टिंग. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, पण ती मोबाइलला. लँडलाइनचा ०८३२ वाला नंबर एका कंपनीतून उचलून दुसरीत नेता येत नाही. एवढं एकच वाक्य ठाऊक असतं तर तो माणूस चहाच्या कपासकट बाहेर गेला असता.

अर्ज सहा पानांचा होता. "इथे, इथे आणि इथे" असं म्हणत त्यानं सह्या घेतल्या. त्यातलं एक पान म्हणजे जुन्या लाइनी बंद करण्याचा अर्ज होता, हे नंतर कळलं. ६२,००० रुपयांचा चेक दिला, डिपॉझिट आणि वर्षाचं भाडं मिळून. चेक कंपनीच्या नावे नव्हता, त्याच्या स्वतःच्या फर्मच्या नावे होता. बायकोनं विचारलंही, "बिल कोणाचं येणार?" त्यानं हसून उत्तर दिलं, "वहिनी, आम्ही आहोत ना."

दोन दिवसांत माणसं आली. जिन्याखाली एक काळी पेटी बसवली, तिला आमच्याच इंटरनेटची वायर आणि आमचीच वीज. फोन लागायला लागले. तिसऱ्या आठवड्यात जुना नंबर मेला. "पोर्टिंग अडकलंय, कंपनीकडे रेटतोय," हे वाक्य पुढे चार महिने ऐकलं.

मग लहानसहान गोष्टी दिसू लागल्या. मुंबईच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केला तर ते उचलेनात. एकानं सांगितलं, "अहो, तुमचा फोन दरवेळी वेगळ्याच मोबाइलवरून येतो. परवा तर स्क्रीनवर 'लोन एजंट' दिसलं." उतारू तक्रार करायचे की रात्री नेट चालत नाही. बायको एकदा पाणी प्यायला उठली तर रात्री दोन वाजता पेटीवरचे दिवे नुसते लुकलुकत होते. लॉजमध्ये त्या रात्री तीनच खोल्या भरलेल्या, आणि सगळे झोपलेले.

उलगडा लाइनमननं केला. चवथीच्या आधी, ऑगस्टमध्ये, शेजारच्या दुकानात आला होता, तिथून डोकावला. "तुमी लायन कित्याक सोडली?" मी म्हटलं सोडली नाही, पोर्ट होतेय. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग जिन्याखाली वाकला, पेटीचं झाकण काढलं. आत ओळीनं सिमकार्डं.

त्यानं समजावलं ते असं. परदेशातून येणारा कॉल रीतसर वाटेनं आला तर तो परवानाधारक कंपनीच्या गेटवेतून येतो आणि त्याचं शुल्क भरावं लागतं. ही मंडळी तो कॉल इंटरनेटवरून अशा पेटीत उतरवतात आणि आतल्या सिमवरून पुढे लोकल म्हणून सोडतात. घेणाऱ्याला दुबईचा फोन गोव्यातल्या मोबाइलवरून आल्यासारखा दिसतो, मधलं शुल्क खिशात. आमचे दिवसाचे चार फोन म्हणजे नुसता देखावा होता. खरा धंदा रात्री चालायचा, आमच्या जिन्याखाली, आमच्या विजेवर. आणि भाडं उलट आम्हीच देत होतो!

सिमं कोणाच्या नावावर होती ते पोलिसांकडून कळलं. भलत्याच लोकांच्या. नवा टेलिकॉम कायदा २०२३ चा. त्यात फसवून किंवा दुसऱ्याचं सोंग घेऊन सिम मिळवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेटी आमच्या आवारात होती, त्यामुळे आधी प्रश्न आम्हालाच. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात चेकची झेरॉक्स, मेसेज, पेटीचे फोटो घेऊन तीन खेपा घातल्या तेव्हा कुठे साक्षीदाराच्या रांगेत आलो. लाइनमननं सिमं पाहताच प्लग काढला होता, पण पेटी हलवू दिली नव्हती. ती अक्कल त्याची.

पैसे गेले ते गेलेच. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण त्या नंबराचा उपयोग पैसे नुकतेच गेले असतील तर. चार-पाच महिन्यांनी काय थांबवणार? ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, लिहिलं. ते एकेकट्याची तक्रार सोडवत नाहीत, आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जा, तिथे नाही झालं तर त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे. गेलो. त्यांनी माझ्या सहीचा बंद करण्याचा अर्ज समोर ठेवला. त्यांचं काय चुकलं?

सिप लाइन ही वस्तू वाईट नाही, हे सांगायला हवं. आता आमच्याकडे तीच आहे, पण परवानाधारक कंपनीकडून थेट घेतलेली. मोठ्या हॉटेलांना ३० चॅनेलची, म्हणजे एका वेळी ३० कॉल चालणारी, पीआरआय लाइन लागते, आम्हाला चार पुरतात. ह्या वेळी चेक कंपनीच्या नावे दिला, बिल कंपनीचं येतं, आणि लाइन लागल्यावर पहिला फोन स्वतःच्या मोबाइलला करून कुठला नंबर दिसतो ते बघितलं. कसलीही पेटी कोणी बसवू लागला तर झाकण उघडायला लावा. आणि नवी लाइन महिनाभर चालल्याशिवाय जुनी सोडू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

ह्या दिवाळीत गिरगावातल्या एका आजींचं पोस्टकार्ड आलं. "नंबर अस्तित्वात नाही म्हणतात, लॉज विकलंत का? माघात जत्रेला यायचं होतं." मी उलट टपाली नवा नंबर कळवला. बाकीच्यांचे पत्ते आमच्याकडे नाहीत.